दुसरा दगड

बेलखेड्यात गुन्हेगार म्हणावा असा एकच माणूस होता, आणि तो सारखा हसायचा.

शालिग्रामला हसण्याचं दुखणंच होतं. घाबरला की हसू, लाजला की हसू. मयताला जायचं तर तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून जायचा. शाळेत छडी खाताना तो असा काही खिदळायचा, की मास्तर हातातली छडी उलटीसुलटी करून बघायचे, धरली तर बरोबर आहे ना! अशा माणसावर दंड संहितेचं कलम तीनशे छत्तीस लागलं होतं: दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं अविचारी कृत्य.

कृत्य घडलं ते सदुसष्ट साली, भाद्रपदातल्या गणेश चतुर्थीला. त्या दिवशी चंद्र दिसला की माणसावर चोरीचा आळ येतो. त्यावर उतारा एकच. कुणाच्या तरी घरावर दगड टाकायचा, घरधन्याच्या शिव्या खायच्या, की आळ शिव्यांतच फिटतो. बेलखेड्यात त्या संध्याकाळी घराघरावर खडे पडायचे आणि घराघरातून शिव्या निघायच्या. कुणी कुणाचं वाईट वाटून घेत नसे.

शालिग्राम तेव्हा अठरा वर्षांचा. सुटलेली कालवड शोधायला गेला आणि नाल्यावरून वर बघतो तर पुढ्यात चंद्रकोर. आता दगड मारायचा कुठं? गावातल्या शिव्या त्याला पाठ होत्या. त्यांच्यात काही दम राहिलेला नाही, असं त्याचं मत होतं. ताजी शिवी हवी, म्हणून त्यानं पाझर तलावाच्या कामावर नव्यानं आलेल्या ओव्हरसियरचं घर निवडलं. ओव्हरसियर पार दक्षिणेकडचा. त्याला हा सण ठाऊक नव्हता आणि मराठी जेमतेम यायचं. शालिग्रामनं खडा टाकला. आतून दार उघडलं आणि मऊ आवाज आला, "कौन है भाई? चोट तो नहीं आई?"

म्हणजे शिवी नाहीच, वर विचारपूस! अशानं आळ फिटायचा कसा? शालिग्रामनं हसू दाबत दुसरा दगड उचलला. तो जरा मोठा होता. छपरावरचं कवेलू, म्हणजे कौल, फुटलं, तुकडे खाली चुलीवरच्या पातेल्यात पडले, आणि ओव्हरसियर दरोडा पडला असं समजून जो सायकलवर बसला, तो थेट रिसोडच्या ठाण्यात उतरला.

सकाळी खरा प्रकार कळला तेव्हा तो बिचारा ओशाळला. त्यानं शालिग्रामला चहा पाजला, "माफ किया" म्हणाला आणि ठाण्यात जाऊन तक्रार परत मागू लागला. पण ती मिळेना. गुन्हा एकदा नोंदवला की तो सरकारविरुद्ध होतो, असं त्याला सांगण्यात आलं.

"दगड ओव्हरसियरच्या घरावर," गावातले शहाणे शेषराव पारावर म्हणाले, "मंग सरकारले कुठी लागला?"

वाशीमच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "दगड का मारलास?"

"शिव्या पाहिजे होत्या साहेब," शालिग्राम म्हणाला आणि त्याला हसू फुटलं. मॅजिस्ट्रेटनी तोंडाला रुमाल लावला आणि बराच वेळ खोकले. मग त्यांनी त्याला दोषी ठरवलं आणि शिक्षा न देता, समज देऊन सोडलं. समजसुद्धा इतक्या गोड शब्दांत, की शालिग्रामची आई चतुराबाई कोर्टाबाहेर कपाळाला हात लावून म्हणाली, "इथंही कोणी शिवी देल्ली नाही! पोराचा आळ फिटन कसा?"

आळ सात वर्षं तसाच राहिला आणि चौऱ्याहत्तर साली आडवा आला.

शालिग्रामची एसटीत कंडक्टर म्हणून निवड झाली. नुसती निवड, नेमणूक व्हायची होती पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाल्यावर. ही नोकरी त्याला किती हवी होती ते विचारू नका. लहानपणापासून तो रस्त्याकडेला उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या घंटा मोजायचा. एक टोला थांबा, दोन टोले चला! एवढी मोठी लाल गाडी एका दोरीवर चालते, याहून थोर गोष्ट त्याच्या लेखी जगात नव्हती. आणि अर्जावर प्रश्न छापलेला होता: आपणास कधी न्यायालयाने दोषी ठरविले आहे काय? असल्यास तपशील द्यावा.

"नाही म्हनून लिही," शेषराव म्हणाले. "सात वर्साचा दगड. आता पावेतो माती झाली असन त्याची."

"अन् ठान्यात नाव निंगालं तं?"

"मंग राज्यपालाले अर्ज कर. माफीचा. राज्यपालानं माफ केलं की सारं सफाचट."

ही कल्पना गावाला भलतीच आवडली. राज्यपालांना अर्ज जातोच आहे, तर एकट्या शालिग्रामचाच कशाला? पुंजाजी म्हणाला, "मले मागं बिनदिव्याची सायकल चालवली म्हनून दंड झाल्ता, तेही त्यातच टाक." कुणी मारुतीच्या जत्रेतल्या मारामारीचं सांगितलं, कुणी नुसत्याच मनात आलेल्या पापाचं. शेषरावांनी तर आधी "आमी समस्त गावकरी गुन्हेगार" अशी सुरुवात तोंडपाठ करून ठेवली. शालिग्राम पोट धरून हसत होता, पण रात्री त्याला झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी तो वाशीमला रामराव वकिलांकडे गेला.

रामरावांनी सगळं ऐकलं. "शिक्षा किती झाली होती?"

"झालीच नाही. समज देऊन सोडलं."

"मग राज्यपालांनी माफ काय करायचं, तुझं हसणं? अरे, दयेचा अर्ज असतो शिक्षा झालेल्याचा. राज्यपाल शिक्षा कमी करतात, बदलतात, कधी पूर्ण माफ करतात. तुला शिक्षाच नाही, तर ते खोडणार काय?"

"मंग नोंद तरी खोडतीन?"

"नोंद कुणी खोडत नसतं. ज्याला राज्यपाल माफ करतात त्याचीही नोंद राहते, वर माफ केल्याची आणखी एक नोंद होते." रामरावांनी डेस्कवरचं एक बारीक पुस्तक उघडलं. "हा परिवीक्षेचा कायदा. अठ्ठावन्न सालचा. कलम तीन: समज देऊन सोडणं. तुला तसंच सोडलंय. आता कलम बारा: असं सोडलेल्या माणसाला, केवळ दोषी ठरला म्हणून कायद्यानं कुठली अपात्रता येत नाही. समजलं?"

"म्हंजे मी गुन्हेगार आहो, पन चालते?"

"अगदी तसंच नाही," रामरावही हसायला लागले. "कायदा तुझी वाट अडवत नाही. घ्यायचं की नाही ते एसटीवाले ठरवणार. तू लिहिलेलं आणि पोलिसांनी लिहिलेलं ते शेजारी शेजारी ठेवून बघतील. दोन्ही जुळलं पाहिजे. तू 'नाही' लिहिलंस आणि ठाण्यातून 'हो' आलं, तर गेलास. दगडामुळं नाही, खोट्यामुळं. त्याला कलम बारा नाही."

शालिग्रामनं तिथेच बसून अर्जावर 'होय' लिहिलं, तपशील लिहिला, आणि परतीच्या गाडीत कंडक्टरच्या शेजारी उभं राहून गावापर्यंत दोरीकडे बघत आला.

पडताळणीला जमादार आले ते नेमके गणेश चतुर्थीला. बाबूसिंग जमादार मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे. अंगानं थोराड, मिशा पिळदार, आणि पोलिस लाइनीत राहून सगळ्यांचे सण पाळायला लागलेले. शालिग्रामनं सकाळीच आईला बजावलं होतं, "माय, आज तोंडाले कुलूप. कोनी दगड मारो, काई मारो. जमादार गावात हायेत. एक शिवी निंगाली तं माही नोकरी गेली."

हे सांगणं म्हणजे नाल्याला वाहू नको सांगण्यासारखं होतं. चतुराबाईची शिवी पंचक्रोशीत नावाजलेली. चतुर्थीला रिसोडहून माणसं तिच्या घरावर दगड मारायला यायची. तिच्या एका शिवीत वर्षाचा आळ फिटतो अशी ख्याती होती. पण पोरासाठी तिनं दातावर दात दाबले.

जमादारांनी पारावर बसून विचारपूस केली. चहालाही नाही म्हणाले. "चौकशी हाये. ज्याची चौकशी त्याचा चहा नाही." गावकऱ्यांनी शालिग्रामची इतकी तारीफ केली की जमादारांना संशय यायला लागला. शेवटी त्यांनी त्यालाच समोर बसवलं.

"ठान्यात तुहं नाव हाये."

"हो साहेब. मीही लिहिलं हाये."

"चंद्र पाह्यला, दगड मारला. एक दगड मी समजू शकतो. पन दुसरा कायले मारला? दुसरा दगड म्हंजे जानून-बुजून. असा मानूस गाडीत सवारीसंगं भांडन करन, उद्या तिकिटाचा डबा फेकून मारन."

शालिग्रामला सांगायचं होतं की पहिल्या दगडाला शिवी आली नव्हती. पण तो घाबरला आणि तोंडातून निघालं ते हसूच. जमादारांनी मिशी चावली. "हासते! ठीक हाये. ठान्यात जाऊन लिहितो मी, काय लिहाचं ते." आणि सायकल काढून चालू लागले.

शालिग्राम घरी येऊन खांबाला टेकून बसला. गेली नोकरी, गेली दोरी, गेली घंटा. अंधारून आलं तसे गावात खडे पडायला लागले. चतुराबाईच्या कवेलूंवरही एक पडला. टक्. ती दाराशी गेली आणि साखरेच्या पाकात घोळून काढल्यासारखी बोलली, "कोन हाये बाप्पा? लागलं तं नाही नं तुले?"

आईच्या तोंडून ते शब्द ऐकून शालिग्रामला आठवला सात वर्षांपूर्वीचा ओव्हरसियर, आणि इतक्या दुःखातही त्याच्या पोटात उकळी फुटायला लागली. आता पुढं काय होणार हे जगात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

धाड्!

दुसरा दगड चांगला नारळाएवढा होता. कवेलू फुटलं, आणि तुकड्यांसकट सगळा ऐवज मोदकांच्या ताटात उतरला. चतुराबाईनं ताटाकडे पाहिलं. कुलूप तुटलं.

"कोन रे तो मुडदा! तुह्या हाताले लकवा भरो! तुह्या मिशीले उधई लागो! माह्या मोदकात माती टाकते, तुह्या सासऱ्यानं बांधून देल्लं काय रे हे घर? तुह्या खाटल्यात ढेकून होवोत अन् तुह्या जोड्यात इच्चू निंगो! पिठात पडलेल्या पालीसारखं तुहं तोंड, समोर तं ये, मसण्या!"

"आनखी," अंधारातून हळूच आवाज आला. "आनखी द्या, बाई."

"आनखी पाहिजे? घे! तुही सायकल नाल्यात जावो! तुही बायको तुले जलमभर पातळ पिठलं वाढो!" असं म्हणत तिनं कंदील उचलून पुढे धरला. अंगणात बाबूसिंग जमादार उभे होते. टोपी काखेत, हात जोडलेले, डोळे मिटलेले, जसं काही आरतीनंतरचा अंगारा घेत आहेत.

"अगं माय!" चतुराबाईनं कंदील ओट्यावर ठेवला. "पोराची नोकरी गेली."

"थांबू नोका," जमादार डोळे न उघडता म्हणाले. "चांगलं चालू होतं."

शालिग्राम हसून हसून ओट्यावर लोळायचाच बाकी होता. घराभोवती हां हां म्हणता गर्दी जमली. जमादारांनी टोपी घातली आणि घसा साफ केला.

झालं होतं असं. रिसोडचा रस्ता मावळतीकडे, आणि चतुर्थीचा चंद्रही मावळतीकडेच. जमादार हुशार, मान खाली घालून सायकल हाकत होते. पण रस्त्यात खड्डा, खड्ड्यात पाणी, आणि पाण्यात चंद्र.

"पान्यातला चंद्र मोजत नाहीत," शेषराव लगेच म्हणाले.

"कोन म्हन्ते? देवानंही तसाच पाह्यल्ता," पुंजाजी म्हणाला, आणि त्यावरून तिथेच वाद पेटला.

"अरे, मोजा का नोका मोजू, मी नाही राहत भरवशावर!" जमादार ओरडले. "ठान्यातला मालखाना माह्या ताब्यात हाये. जप्तीचं सोनं-नानं, दारूचे डबे, साऱ्यायच्या चाव्या माह्या कमरेले. माह्यावर चोरीचा आळ आला तं मी गेलो कामातून! म्हटलं, मांगं फिरून चतुराबाईचं घर गाठावं. दगड मारला, तं हे बाई म्हन्ते, लागलं तं नाही! आता मानसानं करावं काय?"

"दुसरा मारावा," शालिग्राम कसाबसा म्हणाला.

जमादारांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशा थरथरल्या, आणि खाकीच्या बटणांवर ताण पडेपर्यंत ते हसले. त्यांचं पाहून शेषराव, त्यांचं पाहून गाव. चतुराबाई मात्र हसत नव्हती. ती वर भोकाकडे बघत होती.

"बाई, माफी करा," जमादार म्हणाले.

"माफी देल्ली. सनाचा दिवस हाये, देल्ली जा." तिनं वर बोट केलं. "पन भोक तं राह्यलं नं तसंच? माफीनं कवेलू जुळते काय?"

"उद्या सकाळी कवेलू आनून बसवतो." जमादारांनी शालिग्रामला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. बाजूला म्हणजे काय, सगळं गाव कान देऊन होतं. "पाय बावा, जे झालं ते तूही विसर, मीही विसरतो. तुह्या कागदावर मी 'निरंक' लिहून टाकतो. गुन्हा नाही, खटला नाही, काई नाही. खूश?"

गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. आणि शालिग्राम किंचाळला, "नाही!"

"काहून?"

"लि… लि…" हसू घशात अडकलं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. "लिहा साहेब! माहा गुन्हा लिहा! पाया पडतो तुमच्या, निरंक नोका लिहू!"

"पोराले वारं लागलं," शेषराव म्हणाले.

चतुराबाईनं त्याला तांब्याभर पाणी पाजलं. श्वास जागेवर आला तेव्हा तो म्हणाला, "म्या अर्जात 'होय' लिहून देल्लं. तुमी 'निरंक' लिहिसान तं दोन कागद जुळाचे नाहीत. साहेब म्हन्तीन, यानं जमादाराले फितवलं. मंग तुमीही गेले अन् मीही गेलो. चोरीचा नाही, पन लाचेचा आळ येईन तुमच्यावर. अन् खरं लिहिलं तं कलम बारा हाये मले."

लाचेचं नाव ऐकताच जमादारांचा हात आपोआप कमरेच्या चाव्यांवर गेला. त्यांनी ओट्यावर बैठक मारली, कंदील जवळ ओढला आणि खिशातून पेन्सिल काढली. "बोल."

"कलम तीनशे छत्तीस. दोषी. समज देऊन सोडलं. शिक्षा नाही."

"हं. आतापावेतो दुसरी तक्रार?"

"नाही."

"वागनूक?"

"हासरी," पुंजाजी मागून म्हणाला.

"वागनूक चांगली," जमादारांनी लिहिलं, आणि पेन्सिल थांबली. "अन् दुसरा दगड काहून मारला, तेही लिहितो. पहिल्या दगडास घरमालकाने शिवी दिली नाही, म्हणून. द्वेषबुद्धी नाही." त्यांनी शिळा झालेला राग मिशीवरून पुसल्यासारखा हात फिरवला. "हे मले आता बराबर समजलं हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरंच सायकलच्या कॅरियरला नवं कवेलू बांधून आले आणि स्वतः वर चढून बसवून गेले. काळ्या पडलेल्या कवेलूंत ते एकच लालबुंद. चतुराबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला खाली उभं करून दाखवायची.

महिनाभरानं शालिग्रामला अकोल्याला बोलावणं आलं. टेबलामागच्या अधिकाऱ्यापुढे दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते. त्यांनी एक वाचला, दुसरा वाचला, पुन्हा पहिला वाचला. शालिग्राम गालाचं आतलं मांस दातात धरून उभा.

"दोन्हीत तेच आहे," अधिकारी म्हणाले. "तुम्ही लपवलं नाहीत, हे ठीक. पण म्हणजे शिव्या मिळाव्यात म्हणून तुम्ही दुसरा दगड मारलात?"

"हो साहेब." आणि गाल सुटला. हसू असं फुटलं की दारातला शिपाई आत डोकावला.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. ओठ घट्ट मिटून कागदावर सही केली. "या खात्यात तुम्हाला दगड मारावा लागणार नाही," ते म्हणाले. "न मागता मिळतील. रोज."

पहिली ड्यूटी वाशीम–रिसोड. नवी खाकी, खांद्याला पिशवी, डोक्यावर दोरी. बेलखेड्याच्या थांब्यावर त्यानं एक टोला दिला आणि एवढी मोठी लाल गाडी खरोखर थांबली. चतुराबाई चढली. रिसोडच्या बाजाराला निघाली होती, हातात पिशवी, तोंडावर सगळ्या गाडीला सांगणारा अभिमान. खिडकीजवळच्या बाकावर ती ऐसपैस बसली.

शालिग्राम तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि चिमटा वाजवला. "तिकीट, माय."

"काय?"

"तिकीट घे. फुकट नेता येत नाही. नोंद होते."

चतुराबाई हळूहळू उठून उभी राहिली, पदर खोचला.

"मुडद्या! नऊ महिने तुले पोटात फिरवलं, तवा तिकीट मांगतलं होतं काय रे म्या?"

शालिग्रामनं टोपी काढून काखेत धरली, हात जोडले, डोळे मिटले. "आनखी दे, माय," तो म्हणाला. सात वर्षांचा आळ तिथं, बेलखेड्याच्या थांब्यावर, भर गाडीत फिटत होता. सगळं फिटल्यावर त्यानं तिकीट फाडून तिच्या हातात ठेवलं, वर हात केला, आणि दोन टोले दिले.